पाच आठवड्यांची मैत्रीण, दीड वर्षाची शांतता, आणि आता ती घरी येतेय!

दांडियाबाजारची_पोर
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी वडोदऱ्याची. दांडियाबाजारातल्या जुन्या घरात आई, बाबा, आजी आणि मी. मागच्या वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत पाच आठवड्यांच्या लीडरशिप एक्स्चेंजला गेले होते. फक्त मुली, आठ देशांतल्या वीस जणी. प्रोग्रामचं नाव लिहीत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे. सकाळी लेक्चर, दुपारी कुठे नगरपालिका दाखव कुठे बायकांचं शेल्टर दाखव, आणि संध्याकाळी 'रिफ्लेक्शन', म्हणजे गोलात बसून आज काय वाटलं ते सांगायचं. पहिला आठवडाभर सगळ्या जणी एकच बोलायच्या, खूप शिकायला मिळालं. दुसरं काही सुचायचंच नाही.

माझी रूममेट उझबेकिस्तानातल्या समरकंदची. पहिल्या दिवशी मेसमध्ये म्हणाली मला सब्जी फार आवडते, मी आपलं हौसेने मिक्स भाजी वाढली तिला, तर तिने त्यातली फक्त गाजरं वेचून खाल्ली. मग कळलं, उझबेकीत सब्जी म्हणजे गाजर! कांद्याला पियोझ, डाळिंबाला अनोर, मैत्रीला दोस्तलिक. अर्धे शब्द ओळखीचे आणि अर्धे दगा देणारे.

मैत्री झाली ती मात्र रविवारी, तेल लावताना. एसीमुळे माझं खोबरेल थिजलेलं, ती म्हणे ही मेणबत्ती आहे का? शेजारच्या खोलीतली नेपाळची मुलगी मोहरीचं तेल घेऊन आली, ढाक्याची म्हणाली वासाने झोप नाही लागणार मला. मग कॉरिडॉरमध्ये पाच जणी ओळीने बसलो, जिने तिने पुढचीच्या डोक्याला लावायचं. शेवटची राहते म्हणून चौथ्या रविवारी ओळ वळवून गोल केला. रिफ्लेक्शनच्या गोलात जे कोणी बोललं नाही ते सगळं त्या गोलात निघालं, कुणाचं घरी लग्न ठरवतायत, कुणाला परत जायचंच नाहीये.

परत आल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुप इतका वाजायचा की फोन हँग. आता वाढदिवसाला केक आणि ईद-दिवाळीला फॉरवर्ड, बास. ज्या 'ॲक्शन प्लॅन'साठी थोडा निधी देऊ म्हणाले होते त्याच्या दोन मेलना उत्तर नाही. आणि वेळेचं निमित्तही नाही हो, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, समरकंदचं अर्धा तास मागे.

तर आठ दिवसांपूर्वी तिची मेल. आयटेकच्या (आपलं सरकार परदेशी लोकांसाठी चालवतं त्या) कोर्सला दिल्लीत येतेय जानेवारीत, तीन दिवस तुझ्याकडे येऊ का? मी धडाधड हो लिहिलं आणि आता धाकधूक होतेय. दीड वर्ष बोललो नाही, काय बोलायचं? दोन खोल्या, न्हाणी खाली, आणि आजीचं स्वयंपाकघर म्हणजे तुम्ही समजून घ्या. पाच आठवड्यांची मैत्री ही मैत्री असते का, की नुसती शाळेची सहल?

लीलो_चिवडा
उत्तरायणाला बोलाव. १४ तारखेला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, चढवलीस आणि हातात फिरकी दिलीस की बोलायची गरजच काय. घसा बसतो आपोआप. आणि गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे पाहुणचारातला एक प्रश्न तसाही मिटलेला आहे.

फतेहगंज_रिटायर्ड
परदेशी पाहुणा खाजगी घरी राहिला तरी यजमानाने २४ तासांच्या आत फॉर्म सी भरायचा असतो. ऑनलाइन होतो. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो आधीच मागवून ठेवा. लोकांना वाटतं हे फक्त हॉटेलवाल्यांना आहे.
अवांतर: उझबेकिस्तान म्हटलं की आमच्या पिढीला ताश्कंद आणि ११ जानेवारी १९६६ आठवतं. शास्त्रीजी गेल्याची बातमी सकाळी रेडिओवर आली, वडील दाढी करता करता थांबले होते, अर्धा गाल साबणाचा.

रोखठोक
ताई, कटू बोलतो. अमेरिका मुलींना बोलावते, आपलं सरकार १९६४ पासून आयटेकमध्ये बोलावतं, जपान बोटीवर नेतो. सगळे आपापल्या देशाचं कौतुक पेरण्यासाठी. तुम्ही पीक. तिकीट, जेवण, राहणं दुसऱ्याने दिलं की पाच आठवडे कुणाशीही पटतं. मैत्री किती ते पदरचे पैसे घालून तिकीट काढायची वेळ आली की कळतं.

लीलो_चिवडा
@रोखठोक अहो पण ती तेच करतेय ना! दिल्ली-वडोदरा कोर्समध्ये नाही येत. धागा वाचा आधी.

रोखठोक
बरोबर. तेवढं मागे घेतो. बाकी कायम.

पुण्यातली_बडोदेकरीण
मी गाइड होते, नंतर पुण्यात संगमला काही महिने व्हॉलंटियर म्हणून राहिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गर्ल गाइड्सची अशी जागतिक केंद्रं मोजकीच आहेत, पहिलं स्वित्झर्लंडमध्ये १९३२ ला, मेक्सिकोतलं १९५७ चं आणि आपलं संगम १९६६ चं. जगभरच्या मुली येतात.

तर माझा अनुभव. ज्यांच्या गळ्यात गळे घातले, निघताना रडले, त्यांची नावंही आता आठवत नाहीत. टिकली ती एकच, आणि तिच्याशी मी पहिल्या रात्री पंख्यावरून भांडले होते. तिला दोनवर हवा, मला पाचवर. एप्रिल महिना, पुणं! तीन रात्री धुसफूस, चौथ्या रात्री तिने उशी पायाकडे केली आणि माझ्याकडचा पंखा पाचवर ठेवला, न सांगता. आज बारा वर्षं झाली. आम्ही वर्षातून दोनदाच बोलतो पण मागचं वाक्य तिथूनच पुढे चालू होतं. शांतता म्हणजे तुटणं नाही गं. तू तिच्याशी कधी भांडलीस का ते सांग.

दांडियाबाजारची_पोर
ताई, भांडले ना. पाव उलटा ठेवला म्हणून! मी ब्रेकफास्टचा बन ट्रेमध्ये उलटा टाकला होता, तिने सरळ केला, मी मुद्दाम परत उलटा केला, ती अख्खा दिवस बोलली नाही. त्यांच्याकडे नान उलटा ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान. मला वाटलं अंधश्रद्धा. मग आठवलं, पडलेला घास उचलून कपाळाला लावणारी आपली आजीच.

इंदौरी_जिरावण
भिया आपला तर एकच सवाल, ती पोहे-जलेबी खाईल की नाही? वडोदऱ्यात तीन दिवस काय दाखवणार? इंदूरला पाठवा, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊ. गराडू, भुट्टे का कीस, शेवटी आमची दुधाची घट्ट शिकंजी. मैत्री पक्की, ग्यारंटी आमची.

सुरसागर_काठी
@इंदौरी_जिरावण शिकंजीत बुडवून मैत्री करायची म्हणजे चमचा लागेल :)
वडोदऱ्यात दाखवायला पुष्कळ आहे हो. तांबेकर वाड्यातली भिंतीवरची चित्रं, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची चित्रं, कमाटीबागेच्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी. एक दिवस चांपानेर, साधारण पन्नास किलोमीटर. तिथल्या मशिदी-दरवाजे बघून समरकंदवालीला आपली वाटतील बघ. संध्याकाळी शेव-उसळ, तर्री वेगळी मागून घे तिच्यासाठी.

मांजलपूरचा_मन्या
तिकडे घोडा खातात म्हणे. आजीला सांगू नकोस.

लीलो_चिवडा
आपण घोड्यावर नवरा बसवतो, ते ताटात वाढतात. दोन्हीकडे घोड्याचेच हाल.

ग्वाल्हेरची_सून
घोडा राहू दे बाजूला. धागाकर्तीच्या प्रश्नावर मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. न्यू जर्सीच्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या, तिथे पडलेल्या मिशनऱ्यांच्या मासिकात आनंदीच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि अनोळखी मुलीला पत्र टाकलं. पुढची काही वर्षं नुसती पत्रं. आनंदी त्यांना मावशी म्हणायची. १८८३ ला बोटीने गेली, त्यांच्याच घरी उतरली, शाकाहार सांभाळून राहिली. तुझ्या आजीचा प्रश्न उलटा करून बघ, कार्पेंटरबाईंच्या स्वयंपाकघरात काय झालं असेल!

आणि तो फोटो बघितलाच असशील, १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला. आनंदी नऊवारीत, जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची सबात इस्लामबुली तिच्या पोशाखात. आजच्या भाषेत लीडरशिप एक्स्चेंजचा ग्रुप फोटोच. मला त्या फोटोत एकच दिसतं, तिघी कॅमेऱ्याकडे बघतायत, एकमेकींकडे नाही. मैत्री होती का, रविवारी काय करायच्या, कुणी लिहून ठेवलं नाही. पण मावशीचं मात्र कळतं. आनंदी १८८७ मध्ये बाविसाव्या वर्षाच्या आतच गेली, आणि तिची रक्षा न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला कार्पेंटरांच्या घरच्या दफनभूमीत ठेवली.

रोखठोक
हे मात्र आवडलं. पण बघा, तिथे कुठलंही खातं मध्ये नव्हतं. एका बाईने पोस्टाचं तिकीट लावलं, एवढंच. माझं म्हणणं तेच आहे.

युनिव्हर्सिटी_रोड
@रोखठोक संस्था मध्ये असली तरी चालतं की. बडोद्याचंच उदाहरण देतो. १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, धावपळ करणारी मार्गारेट कझिन्स आयर्लंडची आणि अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाई. आणि हंसाबेन मेहता, बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, १९४९. त्याच्या आदल्या वर्षी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' होतं ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं ते यांनी. त्या आयोगात देशोदेशीचे लोक आणि अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट. लायब्ररीला हंसाबेनचं नाव आहे, आम्ही पाच वर्षं तिथे डुलक्या काढल्या, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मांजलपूरचा_मन्या
चिमणाबाई म्हणजे रावपुऱ्याचा टॉवर ना?

युनिव्हर्सिटी_रोड
नाही रे. टॉवर पहिल्या चिमणाबाईंच्या आठवणीचा, १८९६ चा. त्या १८८५ मध्येच गेल्या. परिषदेच्या त्या दुसऱ्या, माहेरच्या गजराबाई घाटगे, देवासच्या.

इंदौरी_जिरावण
देवास म्हणजे आमच्याकडची पोर! बघा, शेवटी इंदूरशिवाय वडोदऱ्याचं पान हलत नाही.

एक_आई_अलकापुरी
माझी लेक अकरावीत यस स्कॉलरशिपवर वर्षभर अमेरिकेला होती (२००२ ला दोन सिनेटर्सनी सुरू केलेली, त्यांच्याच नावाची आहे). तिथल्या कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं असा व्हिसाचा नियम. जाताना मी इतकी रडले की विमानतळावर सिक्युरिटीवाल्या बेनने मला पाणी दिलं.

तर गंमत अशी की लेक तिथल्या बहिणीशी आता सहा महिन्यांतून एकदा बोलते. तिची होस्ट आई आणि मी मात्र दर रविवारी. माझं इंग्लिश यथातथा. तिला गुडघेदुखी, मला गुडघेदुखी. ती थंडीत विणते, मी उन्हाळ्यात वाळवणं घालते, व्हिडिओ चालू ठेवून आपापलं काम. पहिल्या दोन महिन्यांत मला तिचा राग यायचा, माझ्या मुलीला दुसरं कुणी झोपताना गुड नाइट म्हणतं म्हणून. हे तिलाच एकदा सांगितलं तर म्हणाली, मलाही तुझा यायचा, ती तुझ्या आमटीसाठी रडायची. म्हणून सांगते पोरी, तुझ्या आजीला आधी सांग. लपवून ठेवू नकोस. कोण कुणाची मैत्रीण होईल सांगता येत नाही.

जहाजवाली
जपानच्या बोटीचा उल्लेख आला म्हणून. शिप फॉर वर्ल्ड यूथ, १९८८ पासून, १८ ते ३० वयाचे. मी गेले होते. बोट लागली की सगळ्या देशांची माणसं एकसारखी ओकतात, तिथून पुढे संकोच उरत नाही. बाकी +१ पुण्यातल्या ताईंना.

फतेहगंज_रिटायर्ड
फॉर्म सी चं बघितलं का?

दांडियाबाजारची_पोर
बघते काका.
आजीला सांगितलं. पहिला प्रश्न, कोणाची ती? म्हटलं समरकंदची. म्हणे गाव नाही विचारलं, वडील काय करतात. म्हटलं बस चालवतात. मग म्हणाली, बरं, तिखट चालतं का, आणि ओट्याला हात लावायच्या आधी पाय धुवायचे. बास, एवढंच. मी उगाच आठ दिवस पोटात गोळा घेऊन फिरले.

सुरसागर_काठी
अपडेट दे गं. धागा वर आणतोय.

मांजलपूरचा_मन्या
१७ तारीख झाली. पतंगाबरोबर उडाली वाटतं.

दांडियाबाजारची_पोर
आले आले. काल सोडलं तिला गाडीवर. मोठं लिहिते.

पहिला अर्धा तास भयंकर गेला. स्टेशनवर मिठी, मग रिक्षात दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर. थंडी आहे ना, हो थंडी आहे. घरी आल्यावर आजीने चहा दिला, तिने कप बघितला आणि म्हणाली पियोला? आजी म्हणे पेला. आजीला वाटलं हिला मराठी येतं! त्यानंतर तीन दिवस आजी तिच्याशी मराठीत आणि ती आजीशी उझबेकीत, मी मध्ये इंग्लिश घुसवायला गेले की दोघी चिडायच्या. गाजर हलवा केला होता, त्याचं नाव आता आमच्या घरात सब्जीचा हलवा.

१४ ला अगाशीवर (लीलो, बरोबर होतात तुम्ही). तिला पतंग उडवता येईना पण फिरकी अशी धरली की खालच्या घरातल्या पोरांनी तिला आपल्या टीममध्ये घेतलं. बोटं कापली, टेप लावून परत. संध्याकाळी आईचं हळदीकुंकू, तिला वाण मिळालं, चहाची गाळणी. ती विचारते, मी काय काम केलं म्हणून हे बक्षीस? आई म्हणाली, आलीस म्हणून.

रात्री तेल लावलं. आजीला सगळ्यांत पुढे बसवलं, म्हणजे आजीच्या डोक्याला ती, तिच्या डोक्याला मी. तेव्हा मी विचारलंच, ग्रुपवर तुम्ही सगळ्या इतक्या गप्प का झालात? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, कोण गप्प? तिने टेलिग्राम उघडलं. मंडळी, तिथे ग्रुप आहे! तिच्या देशात सगळे त्याच्यावरच, म्हणून तिने काढला, बघता बघता अकरा जणी गेल्या, रोज चालू आहे, नेपाळचीचं लग्न झालं त्याचे दोनशे फोटो. मला लिंक पाठवली होती म्हणे, ती माझ्या जुन्या नंबरवर गेली. आणि त्यांचा समज असा की इंडियावालीला नोकरी लागली, आता ती बोलत नाही. ढाक्याचीने तर लिहिलंय, ती आधीपासूनच तेलाबाबत गर्विष्ठ होती.

मी दीड वर्ष बंद दुकानासमोर बसून बाजार उठला म्हणून रडत होते.

आता शेवटचं. काल निघताना आजीने ताटात भाकरी वाढली, घाईत उलटी पडली. तिने बोलता बोलता बोटाने सरळ केली. आजीने पाहिलं, मला म्हणाली, हिला कुणी शिकवलं हे? तुला तर वीस वर्षांत नाही आलं.

मग ती म्हणाली, आमच्याकडे लांब जाणारा माणूस नानाचा एक घास तोडून जातो, उरलेला घरचे जपून ठेवतात, तो परत येऊन संपवतो. आणि तिने भाकरी उचलली. मी आजीकडे बघितलं. उष्टं! आजीच्या घरात उष्टं ठेवायचं, तेही दुसरी कधी येईल कुणास ठाऊक. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, भाकरी ठेव खाली, बुरसटेल ती. आणि डब्यातून खाकरा काढून दिला.

एक तुकडा तोडलेला मेथीचा खाकरा आमच्या जिन्यातल्या कोनाड्यात आहे, फडक्यात बांधून. स्वयंपाकघरात नाही, तेवढं आजीने सोडलं नाही. तिने बांधलं मात्र स्वतः, आणि आज सकाळी मुंग्या लागल्यात का बघायला दोनदा जिना उतरली.

पुण्यातली_बडोदेकरीण
अगं काय लिहिलंयस. आजींना नमस्कार सांग.

रोखठोक
बरोबर ठिकाणी ठेवलाय. जिन्यात हवा खेळती असते. मी आधी लिहिलेलं पिकाचं वगैरे अजून खरं आहे, पण या धाग्यावर परत लिहिणार नाही.

लीलो_चिवडा
मेथीचाच का, जिरा नव्हता का घरात?

फतेहगंज_रिटायर्ड
सगळं छान. फॉर्म सी?

दांडियाबाजारची_पोर
भरला हो काका. पहिल्याच रात्री.